पावाचे व्याकरण

मराठीत पोळी ‘लाटतात’, भाकरी ‘थापतात’, भात ‘लावतात’, पुरण ‘वाटतात’, दही ‘विरजतात’. पाव मात्र ‘येतो’. तो ‘मिळतो’, ‘संपतो’, ‘शिळा होतो’. फार तर आपण तो ‘आणतो’. पाव या नामाभोवती मराठी माणसाने रोजच्या बोलण्यात जी क्रियापदे जमवली आहेत, ती एक तर अकर्मक आहेत किंवा खरेदीविक्रीची आहेत. ज्या पदार्थावाचून मुंबईची सकाळ सुरू होत नाही आणि मिसळीची थाळी पुरी होत नाही, त्याला आपल्या बोलण्यात निर्मितीचे क्रियापद नाही. आणि क्रियापद नाही म्हणून कर्ताही नाही.

व्याकरण शिकवणाऱ्याची एक गंमत म्हणून हे निरीक्षण सोडून देता येईल. परंतु भाषेत कर्ता जेव्हा इतक्या सातत्याने गाळला जातो, तेव्हा त्यामागे समाजाचे काहीतरी गुंतलेले असते, असा आपला सर्वांचाच अनुभव आहे. शिवाय गेल्या काही वर्षांत या व्याकरणात एक बदल होऊ लागला आहे. २०२० च्या टाळेबंदीपासून अनेक मध्यमवर्गीय मराठी घरांत पाव ‘केला’ जाऊ लागला. मैद्यात यीस्ट घालून, लोणी लावून, घरच्या लहान ओव्हनमध्ये मऊ पावांची लादी भाजणे हा सुट्टीच्या दिवशीचा परिपाठ झाला. ‘काल पाव केले’ हे वाक्य पूर्वी क्वचित कानी पडे. आता ते सहज ऐकू येते.

या नव्या वाक्याचे मी स्वागत करतो. मात्र त्याविषयी दोन गोष्टी मांडाव्याशा वाटतात. पहिली अशी की, हे काम करण्यासाठी लागणारी भाषा मराठीत पूर्वीपासून आहे आणि तरीही आपण ती टाकून देत आहोत. दुसरी अधिक गंभीर आहे. पावाला कर्ता परत मिळाला हे चांगलेच. पण तो कर्ता केवळ ‘मी’ असेल आणि इतकी वर्षे गाळलेला ‘तो’ तसाच गाळलेला राहणार असेल, तर घरच्या पावातून एक जुना रोग नव्या पोशाखात परत येण्याचा धोका आहे.

१

प्रथम शब्दाकडे पाहू. मराठीत ‘पाव’ तीन आहेत. एक चौथा हिस्सा, संस्कृत ‘पाद’पासून आलेला. दुसरा ‘पावणे’ या क्रियापदाचे आज्ञार्थी रूप, जे आपण देवाला उद्देशून वापरतो. तिसरा पोर्तुगीजांबरोबर आला. त्याचे मूळ लॅटिन ‘पानिस’मध्ये आहे आणि त्याच पोर्तुगीज शब्दापासून जपानी भाषेतला ‘पान’ हा शब्दही झाला. गव्हाचे पीठ आपल्याकडे होते, चुलीही होत्या. १५१० मध्ये गोवा जिंकल्यानंतर पोर्तुगीजांनी आणली ती फुगवलेल्या पिठाची भट्टीतली भाकरी, तिचा शब्द आणि तिचा कारागीर. गोव्यात त्या कारागिराला आजही ‘पोदेर’ म्हणतात, आणि त्याच्या टोपलीत पोई, उंडो, कातरो पाव, काकण असे प्रकार असतात. गोव्यात यीस्टचे काम पूर्वी माडाची ताडी, म्हणजे सूर, करीत असे.

एवढी सरळ व्युत्पत्ती उपलब्ध असूनही आपल्याकडे दुसऱ्याच दोन व्युत्पत्ती लोकप्रिय आहेत. लादीचा एकेक तुकडा म्हणजे चौथाई, म्हणून पाव, ही एक. पीठ पायांनी तुडवतात म्हणून पाव, ही दुसरी, आणि ती कितीतरी अधिक आवडीने सांगितली जाते. लोकव्युत्पत्ती चुकीची असते हे आपण वर्गात शिकवतोच. ती कोणत्या दिशेने चुकते, हे पाहणे अधिक उद्बोधक असते. येथे ती पायाकडे चुकली आहे. ज्या पदार्थाचा कर्ता बोलण्यातून गाळला गेला, त्याचा कर्ता आठवलाच तर हातांनी न आठवता पायांनी आठवतो. हा अपघात नाही.

कारण एकोणिसाव्या शतकातील मराठी समाजात पाव हे खाद्य कमी आणि चिन्ह अधिक होते. पोर्तुगीज अमलातील प्रदेशांविषयी एक दंतकथा सर्वत्र सांगितली जाते: विहिरीत पावाचा तुकडा टाकला, गावाने ते पाणी प्यायले आणि गाव बाटला. दंतकथेचा खरेखोटेपणा बाजूला ठेवू. ती ज्या समाजाला पटली त्या समाजाला पाव म्हणजे काय वाटत होते, ते तीतून स्पष्ट कळते.

नेमक्या याच चिन्हाचा उलटा वापर मुंबईत १८४९ मध्ये स्थापन झालेल्या परमहंस सभेने केला. सभासद होणाऱ्याने ख्रिस्ती माणसाने केलेला पाव खायचा, असा या गुप्त सभेचा दंडक होता. या सभेच्या प्रवर्तकांपैकी एक दादोबा पांडुरंग तर्खडकर. आपण त्यांना ‘महाराष्ट्र भाषेचे व्याकरण’ या १८३६ च्या ग्रंथाचे कर्ते म्हणून ओळखतो. पुढे १८५७ मध्ये ‘यमुनापर्यटन’ लिहिणारे बाबा पदमनजी हेही धर्मांतरापूर्वी या सभेच्या वर्तुळात होते. म्हणजे मराठीचे व्याकरण लिहिणारा आणि मराठीतील पहिली म्हणून गणली जाणारी कादंबरी लिहिणारा, अशी दोन्ही माणसे या पावाच्या परिसरात वावरलेली आहेत. त्या दंडकातील अर्थाचा सगळा भार कोठे आहे, हे पाहावे. तो ‘पाव’ या नामावर नाही. तो ‘ख्रिस्ती माणसाने केलेला’ या विशेषणावर आहे. पदार्थ कोणताही चालला असता. कर्ता महत्त्वाचा होता. समाज ज्या कर्त्याला टाळत होता, त्याला वाक्यात आणून बसवणे, एवढेच त्या एका घासाचे कार्य होते. १८६० च्या सुमारास सभासदांची यादी फुटली आणि सभा विस्कटली. त्या घासाची भीती किती खरी होती, हे त्यावरून कळते. पुढे १८९० मध्ये पुण्याच्या पंचहौद मिशनमधल्या चहा-बिस्किटांवरून केवढे ग्रामण्य माजले, हे तर सर्वश्रुतच आहे.

२

यात सर्वांत मोठा विनोद असा की, आंबवलेल्या पिठाचे आपल्याला कधीच वावडे नव्हते. आंबोळी, ढोकळा, अनारसे, घावनांचे काही प्रकार, सगळे आंबवण्यावरच उभे आहेत. जिलबी म्हणजे तर आंबवलेला मैदाच. सणासुदीला पंक्तीत जिलबी वाढणारा समाज आंबवलेल्या मैद्याच्याच पावाने बाटत होता, यावरून बाटवणारी गोष्ट मैद्यात नव्हती आणि आंबण्यातही नव्हती, हे उघड आहे.

आंबण्याला मराठीत शब्दांचाही तोटा नाही. ‘किण्व’ हा शब्द कौटिल्याच्या अर्थशास्त्रातील सुराध्यक्षाच्या प्रकरणात येतो. त्यावरूनच आपल्या विज्ञानाच्या पाठ्यपुस्तकांनी ‘किण्वन’ घेतले. बोलीत ‘आंबणे’, ‘फसफसणे’, ‘फुगणे’, ‘वर येणे’ आहेत. उर्दूकडून ‘खमीर’ आले आहे. जिवंत जामण राखून त्यातून पुढचे जामण करायचे, ही कल्पना तर ‘विरजण’ या शब्दात पूर्ण सामावली आहे. पिठाचे विरजण दिवसेंदिवस सांभाळून त्यावर पाव करणाऱ्यांना हा शब्द का सुचू नये, ते कळत नाही.

येथे मी माझ्या पहिल्या मुद्द्यावर येतो. आज मराठीत पावाच्या ज्या कृती लिहिल्या आणि बोलल्या जातात, त्यांतील एखादे वाक्य असे असते: ‘डो छान नीड करून प्रूफ व्हायला ठेवायचा, मग रोल्स एकदम सॉफ्ट होतात.’ यातील इंग्रजी शब्दांवर माझा आक्षेप शुद्धिवाद्याचा नाही. यीस्ट, ओव्हन, मैदा, बेकरी हे सगळे शब्द परके आहेत आणि ते आपलेच आहेत. ‘पाव’ स्वतःच परका आहे. आक्षेप असा आहे की, या वाक्यात जे शब्द आले, ते आधीच्या शब्दांपेक्षा कमी सांगतात. भाषा येथे श्रीमंत झालेली नाही. तिचा एक अवयव बधिर झाला आहे.

‘सॉफ्ट’ हाच शब्द घ्या. मराठीत मऊपणाचे किती प्रकार आहेत? मऊसूत असते ती पुरणपोळी, किंवा नीट घोटलेला भात. जाळीदार असतो ढोकळा. भुसभुशीत असते ती चांगली नांगरलेली माती, किंवा फसलेला केक. लिबलिबीत असते ते न शिजलेले. खुसखुशीत असते शंकरपाळे. आणि दाबले असता दबून पुन्हा वर येते, तोडले असता तार धरून सुटते, तोंडात चिकटत नाही आणि कोरडेही लागत नाही, असे जे असते ते लुसलुशीत. चांगला पाव लुसलुशीत असतो. ज्याला ‘सॉफ्ट’ एवढाच शब्द ठाऊक आहे, त्याला आपला पाव भुसभुशीत झाला की लुसलुशीत, हे जिभेला कळले तरी सांगता येणार नाही. आणि सांगता आले नाही, तर पुढच्या वेळी काय बदलायचे, तेही कळणार नाही.

कारण या प्रत्येक विशेषणामागे एक वेगळी क्रिया आहे. पीठ ‘भिजवणे’ म्हणजे केवळ पाणी पोचवणे. ‘मळणे’ म्हणजे एकजीव करणे. ‘तिंबणे’ म्हणजे पुरणपोळीच्या कणकेला करतात तसे, आपटून, ताणून, दुमडून, पुन्हा ताणून तिला तार आणणे. गव्हाच्या पिठातील दोन प्रथिने पाण्यात एकमेकांना धरतात आणि त्यांचे एक लवचीक जाळे होते. यीस्टने साखर खाऊन सोडलेला कार्बन डायऑक्साइड त्या जाळ्यात अडकतो आणि पीठ फुगते. जाळे कच्चे असेल, तर वायू निसटतो आणि पाव बसतो. ‘नीड करणे’ या एका शब्दात मळणे आणि तिंबणे यांतील हा फरक बुडून जातो. आणि नवशिका मनुष्य पाच मिनिटे मळून थांबतो, तिंबतच नाही.

लोण्याचे उदाहरण याहून बोलके आहे. आपल्याकडे कोरड्या पिठात स्निग्ध पदार्थ चोळण्याला ‘मोहन घालणे’ म्हणतात. मोहन पिठाच्या कणांना आधीच वेढून टाकते, प्रथिनांचे जाळे तुटक राहते आणि पदार्थ खुसखुशीत होतो. करंजीला, शंकरपाळ्याला तेच हवे असते. पावाला नेमके याच्या उलट हवे असते. म्हणून पावात लोणी मोहनासारखे आधी न घालता, पीठ तिंबून त्याला तार आल्यावर थोडे थोडे मुरवावे लागते. लोण्याचे प्रमाण जितके मोठे, तितकी ही शिस्त महत्त्वाची. ज्या सुगरणीला ‘मोहन’ शब्दाचा अर्थ ठाऊक आहे, तिला हे एका वाक्यात सांगता येते: लोणी घालायचे, पण मोहन घालायचे नाही. ‘बटर अ‍ॅड करा’ या वाक्यात मात्र ते केव्हा आणि का, यासाठी जागाच उरलेली नाही.

आणखी एक उदाहरण देतो. पाव दुसऱ्या दिवशीही मऊ राहावा म्हणून पूर्व आशियातील कारागीर पिठाचा थोडा भाग पाचपट पाण्यात, साधारण ६५ अंश सेल्सिअसपर्यंत शिजवून त्याची खळ करतात आणि ती मूळ पिठात मिसळतात. शिजलेला स्टार्च अधिक पाणी धरून ठेवतो, एवढेच त्यामागचे शास्त्र. आपल्याकडे या रीतीचा परिचय परदेशी नावाने आणि नवलाच्या सुरात करून दिला जातो. तांदळाच्या भाकरीसाठी, मोदकांसाठी उकड काढणारी प्रत्येक मराठी बाई हेच शास्त्र हाताने जाणते. ‘उकड’ हा शब्द वापरला असता, तर नवी गोष्ट जुन्या ज्ञानाला जोडली गेली असती.

३

आता कृतीच लिहितो. जे वर सांगितले ते एका ठिकाणी दिसावे म्हणून. जुन्या पाकपुस्तकांच्या रीतीप्रमाणे विध्यर्थात लिहितो.

मैदा ५०० ग्रॅम, इन्स्टंट यीस्ट ७ ग्रॅम, साखर ३० ग्रॅम व मीठ ९ ग्रॅम एकत्र करावे. दूध आणि पाणी मिळून सुमारे ३१० मिलिलिटर कोमट करून त्यात पीठ भिजवावे. कोमट म्हणजे बोटाला ऊनही लागू नये आणि गारही लागू नये. कढत पाण्याने यीस्ट मरते. पीठ वीस मिनिटे झाकून ठेवावे, मग दहा-बारा मिनिटे तिंबावे. चिकटते म्हणून वर कोरडे पीठ घालत बसू नये. तार आल्यावर ५० ग्रॅम मऊ लोणी तीन-चार वेळा करून मुरवावे. पिठाचा लहान गोळा बोटांनी ताणला असता न फाटता पापुद्र्यासारखा पातळ झाला की तिंबणे पुरे झाले. पीठ दुपटीने फुगेपर्यंत उबेला ठेवावे. मग हलक्या हाताने दाबून, ७५ ग्रॅमचे बारा उंडे करून, प्रत्येकाचा वरचा भाग ताणून खाली दुमडावा आणि तूप लावलेल्या थाळ्यात एकमेकांपासून बोटभर अंतरावर मांडावेत. उंडे फुगून एकमेकांना भिडले की १९० अंशांवर अठरा ते बावीस मिनिटे भाजावेत. बाहेर काढताच वरून लोणी फिरवून स्वच्छ कापडाने झाकावे.

या कृतीत दोन गोष्टी ध्यानात घेण्यासारख्या आहेत. फुगण्याला मी मिनिटे दिली नाहीत. नागपुरात मे महिन्यात जे पाऊण तासात होते, ते महाबळेश्वरला डिसेंबरात अडीच तासांतही होईलच असे नाही. येथे घड्याळापेक्षा खूण प्रमाण मानावी लागते. दुसरी गोष्ट मापाची. १९७० साली आलेल्या कमलाबाई ओगले यांच्या ‘रुचिरा’ने वाटी-चमच्याचे माप मराठी स्वयंपाकघरात रुजवले आणि हजारो नवशिक्यांना स्वयंपाकाचे धैर्य दिले. पाव मात्र वजनाचा काटा मागतो, कारण एक वाटी मैदा दाबून भरला की सैल, यावर पिठाचे पाणी ठरते. खुणेवर विश्वास आणि मापावर काटेकोरपणा, या दोहोंची पाव एकाच वेळी अपेक्षा करतो. शिक्षणाच्या दृष्टीने याहून चांगला पदार्थ मला माहीत नाही.

आणि हे जे तयार झाले त्याचे नाव काय? इंग्रजी वळणाची पुस्तके त्याला ‘डिनर रोल’ म्हणतात; एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात बॉस्टनच्या पार्कर हाउस हॉटेलाने प्रसिद्ध केलेले लोण्याचे पाव याच कुळातले. परंतु उंडे एकमेकांना चिकटून भाजायचे, म्हणजे बाजूंना कडक कवच येत नाही आणि त्या लुसलुशीत राहतात, हे तंत्र आपल्या कोपऱ्यावरच्या बेकरीतील लादीपावाचेच आहे. फरक एवढाच की बेकरीच्या पावात दूध-लोणी नसते किंवा नाममात्र असते, कारण तो गरिबाला परवडायचा असतो. पन्नास ग्रॅम लोणी पडले की लादीपावाचा ‘डिनर रोल’ होतो आणि तो काचेच्या बशीत ठेवण्याच्या लायकीचा ठरतो. नावाचा हा बदल चवीचा नसून वर्गाचा आहे.

४

येथून दुसरा मुद्दा सुरू होतो. घरी पाव करणाऱ्या अनेकांना त्याचे कारण विचारले असता उत्तर येते: बाहेरच्या पावाचा भरवसा नाही, तेथे स्वच्छता नसते, कोण कसे मळतो कोणास ठाऊक. अन्नाच्या स्वच्छतेची काळजी योग्यच आहे. बेकरीची तपासणी व्हावी, नियम पाळले जावेत, याबद्दल दुमत नाही. परंतु हे उत्तर देताना आवाजात जी शिसारी येते, ती तपासणीच्या मागणीची नसते. हॉटेलातल्या मैद्याच्या नानविषयी, मिठाईच्या दुकानातल्या जिलबीविषयी ती येत नाही. पाव पायांनी तुडवतात, ही लोकव्युत्पत्ती येथे स्वच्छतेचा पुरावा म्हणून पुन्हा उभी राहते. मुंबईतल्या बहुतांश बेकऱ्यांत कोण काम करतो, तो कोणत्या प्रांतातून आला, त्याचा धर्म कोणता, हे सर्वांना ठाऊक असते आणि कोणी उच्चारीत नाही. ‘सोवळे’ हा शब्द आपण टाकला. त्याची जागा ‘हायजीन’ने घेतली. लक्ष्मीबाई टिळकांच्या ‘स्मृतिचित्रे’त सोवळे कसे हळूहळू, कष्टाने गळून पडते, याचे आपण वर्गात कौतुकाने विवेचन करतो. ते घरात मागल्या दाराने परत येते, तेव्हा त्याला ओळखणेही आपल्याच अभ्यासाचा भाग असायला हवे.

एक अनुभव सांगतो. पदवीच्या वर्गाला मी एकदा उपयोजित लेखनाचा भाग म्हणून घरातील एखाद्या कामाची कृती लिहायला सांगितली. बहुतेकांनी ‘घ्यावे, घालावे, ढवळावे’ अशा विध्यर्थी, कर्ताहीन वाक्यांत लिहिले, आणि तसे लिहिणे त्या लेखनप्रकाराला धरूनच होते. एका मुलाने पाव कसा होतो ते लिहिले. त्याचे वडील बेकरीत कामाला होते. त्याच्या लेखनात प्रत्येक वाक्याला कर्ता होता: बाबा रात्री दोनला उठतात, बाबा पीठ बघतात, बाबा भट्टीत हात घालून ताव ओळखतात, बाबा सकाळी घरी येतात तेव्हा त्यांच्या पापण्यांवर मैदा असतो. परीक्षेच्या निकषांनी पाहिले, तर त्याने कृती लिहिली नव्हती, व्यक्तिचित्र लिहिले होते. मी त्याला पूर्ण गुण दिले. कृतीच्या विध्यर्थात एक मोकळी जागा असते आणि ती वाचकासाठी असते, असे आपण समजतो. त्या मुलाने दाखवून दिले की, ती जागा मोकळी नसते; तेथे कोणीतरी आधीपासूनच उभा असतो.

जानेवारी २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने हवेच्या प्रदूषणाच्या प्रकरणात लाकूड-कोळशावरच्या भट्ट्या सहा महिन्यांत गॅस अथवा अन्य स्वच्छ इंधनावर नेण्याचा आदेश दिला. त्यानंतर जे लिहिले-बोलले गेले, त्यात इराण्याच्या ब्रुनमस्क्याची चव, लाकडाच्या धुराचा वास, शहराच्या आठवणी यांना पुष्कळ जागा मिळाली. माझ्या वाचनात आलेल्या मजकुरात भट्टीपुढे उभ्या राहणाऱ्या माणसाची छाती क्वचितच होती. पिठाच्या सततच्या धुळीने होणारा दमा हा पाव करणाऱ्यांचा व्यवसायजन्य आजार म्हणून वैद्यकाला परिचित आहे. त्यात धुराची भर. इंधन बदलण्याचा खर्च लहान बेकऱ्यांनी कसा पेलायचा, हा प्रश्नही खराच आहे. परंतु स्मरणरंजनाच्या त्या सगळ्या लेखनातही पाव पुन्हा ‘येत’च होता, तो कोणी ‘करत’ नव्हता.

५

या विवेचनावर एक आक्षेप येईल, आणि तो रास्त आहे. बाजारचा पाव ही कष्टकऱ्यांची आणि विशेषतः बायकांची सोय होती. गिरणीतल्या पाळीवर जाणाऱ्या माणसाला, पहाटे लोकल गाठणाऱ्या बाईला पाव ‘येत’ होता म्हणून खायला मिळत होते. त्या पावाला पुन्हा घराच्या परातीत आणून बसवणे म्हणजे रोजच्या पोळ्यांवर आणखी एक काम लादणे नव्हे काय? घरी तिंबणारे हात बहुधा कोणाचे असतात, हे सांगायला नकोच.

माझे उत्तर असे आहे. घरचा पाव बेकरीच्या पावाला पर्याय म्हणून कोणी मिरवू नये. तो रोज करू नये. तो कर्तव्य होऊ नये, आणि ‘आमच्याकडे बाहेरचा पाव चालत नाही’ असे म्हणण्यासाठी तर मुळीच करू नये. तो अधूनमधून करावा, घरातील प्रत्येकाने करावा, पुरुषांनी अगत्याने करावा. आणि आपण कविता का लिहून पाहतो, त्या कारणासाठी करावा. एखादे वृत्त स्वतः चालवून पाहिल्यावर मोरोपंतांच्या आर्येतील श्रम कळतात. त्याचप्रमाणे पाऊण किलोहून अधिक पीठ बारा मिनिटे तिंबून खांदा भरून आला, म्हणजे रात्री दोनला उठून पोत्यांच्या हिशेबात तिंबणाऱ्याच्या खांद्याची कल्पना येते. बारा पावांसाठी आपले चार तास गेले, हे कळले म्हणजे सहा पावांच्या लादीसाठी आपण जे पैसे मोजतो, ते कोणाच्या श्रमातून इतके थोडे राहिले आहेत, हा प्रश्न पडतो. तो पडावा, म्हणून पाव करावा.

आणि मराठी शिकवणाऱ्या आपण सर्वांनी आणखी एक करावे. पाककृती हा आपल्या भाषेतील सर्वांत अधिक वाचला जाणारा ललितेतर गद्यप्रकार असावा, आणि तरी आपल्या अभ्यासक्रमांत त्याला फारशी जागा नाही. जाहिरात, बातमी, सूत्रसंचालन हे उपयोजित मराठीत आले. कृती फारशी आली नाही, कारण ती बायकी आणि घरगुती मानली गेली. ती वर्गात यावी. तिच्या निमित्ताने विध्यर्थ आणि आज्ञार्थ यांतील फरक शिकवता येईल, मळणे आणि तिंबणे यांतील फरक शिकवता येईल, आणि कर्ता केव्हा गाळला जातो व त्याने कोणाची सोय होते, हेही शिकवता येईल. दादोबांनी व्याकरणही लिहिले आणि ज्या सभेत दुसऱ्याच्या हातचा पाव खावा लागे, ती सभाही उभी केली. ही दोन कामे त्यांच्या हातून योगायोगाने झाली असतील. आपण मात्र ती जाणीवपूर्वक जोडू शकतो. त्याची सुरुवात अगदी साध्या वाक्याने करता येईल. उद्या सकाळी लादी घरात आली की ‘पाव आला’ असे न म्हणता ‘पाव कोणी केला?’ असे एकदा विचारून पाहावे. हा प्रश्न व्याकरणाच्या तासाला आपण रोजच विचारतो.